हवालदाराचे ठोके

माझ्याएवढा हुशार माणूस अख्ख्या माण तालुक्यात न्हाई, असं मी पाच दिवस समजत होतो.

फेब्रुवारीत छातीत कळ आली. सांगलीला नेलं आन् स्प्रिंग बसवली. डॉक्टर म्हणाले, "नानासो, बिडी ओढली की हृदय चढावर पळाल्यागत पळतंय. सोडली तर वीस मिनिटांत ठोके उतरायला लागत्यात, वर्षात धोका निम्म्यावर येतो. न्हाई सोडली, तर पुढच्या वेळी हितपर्यंत पोचाल का, सांगता येत न्हाई." मी तिथंच शपथ घेतली. दवाखान्यात शपथ लय सोपी असती. तिथं बिडी मिळत न्हाई.

माझी लेक अंकिता तिथंच नर्स हाय. तिनं माझ्या मनगटावर सिमकार्डवालं घड्याळ बांधलं. माझे ठोके गावाकडं वाढले की सांगलीत तिचा मोबाईल कोकलणार.

आठव्या दिवशी धीर सुटला. बिडी अर्धी व्हायच्या आत फोन.

"आबा, ठोके एकशे दहा. काय करताय?"

"मेंढरं वळतोय."

"बसून?"

घड्याळ पावलंबी मोजत होतं.

मग मी डोकं चालवलं. आमचा मेंढा छाती काढून चालतो म्हणून त्याला हवालदार म्हणतो. दिवसभर सावलीत रवंथ, जिवाला घोर न्हाई. घड्याळ त्याच्या पुढच्या पायाला बांधलं.

चार दिवस अंकिता खूश. "आबा, अठ्ठ्याहत्तर! असंच ऱ्हावा."

मी निवडुंगाआड झुरका मारत "व्हय बाळ" म्हणायचो. खरं सांगू? दर झुरक्याला दुसरा हात छातीवर जायचा. आत कायतरी अडल्यागत व्हायचं. पण बिडी काय सुटायची न्हाई.

पाचव्या दिवशी शेजारच्या तानाजीचा मेंढा टेकडीवर आला आन् हवालदार टकरीला धावला. मला पत्ता न्हाई. मोबाईल घरी चार्जिंगला, मी टेकडीखाली निवडुंगाआड.

थोड्या वेळानं बघतो तर स्ट्रेचर घेऊन दोघं टेकडीकडं पळत्यात. मागं माझी बायको रंगूबाई, तिच्या मागं अर्धं गाव. मी बिडी विझवून पुढच्याला गाठलं. तो दहिवडीचा डॉक्टर, मला वळखत न्हवता.

"काय झालं वं?"

"नानासो नावाच्या म्हाताऱ्याला ॲटॅक आलाय, त्याच्या लेकीचा सांगलीहून फोन आला. ठोके एकशे सत्तर. घड्याळ वरचं ठिकाण दाखवतंय."

आता खरं सांगू कुठल्या तोंडानं? मीबी पळालो, घड्याळ सोडवायला.

वर पोचलो तर टक्कर संपलेली. हवालदार खाली बसलेला, पायातलं घड्याळ बोलत होतं. अंकिता रडत होती, "आबा, ऐकू येतंय का? कायतरी बोला!"

हवालदार म्हणाला, "बॅऽऽ."

"आई गं, आबांची जीभ वळंना!"

रंगूबाईनं मेंढ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझ्या कानावर अर्धी बिडी तशीच होती.

मला कायतरी बोलायचं होतं, पण दमच पुरंना. डोळ्यापुढं काजवे. मी तिथंच बसलो. डॉक्टरनं माझं मनगट धरलं, मग घड्याळ बघितलं.

"मेंढा नव्वदवर आला. तुमी एकशे चाळीसच्या खाली यायला तयार न्हाई. स्ट्रेचरवर कोण झोपणार, तुमीच सांगा."

झोपलो. सांगलीपर्यंत अंकिता फोनवर एक अक्षर बोलली न्हाई. तवा मात्र मी खरा भ्यालो.

आता सहा महिने झाले, बिडीला हात लावला न्हाई. टेकडी न थांबता चढतोय. घड्याळ माझ्याच हातात हाय, पण अंकिताचा भरवसा काय बसंना. रोज सकाळी फोन करती आन् म्हणती, "आबा, आधी दोन शब्द बोला. मग ठोके बघते."