मेलिटाच्या लग्नातली विभागणी

"बाबा, पंगतीची काळजी तुम्ही माझ्यावर सोडा! कोण कुठे बसणार, कोण कुणाच्या शेजारी, सगळं मी बघतो. अहो, सहा वर्षं मी दुसरं काय शिकलोय?"

"तेच तर मला कळत नाहीये," आर्खिप्पस म्हणाले. "सहा वर्षं तू काय शिकलास?"

ओनेटर हसला. अडाण्यांच्या प्रश्नाला शहाणे जसे हसतात तसा! पण बाबांचा प्रश्न काही अगदीच चुकीचा नव्हता. अथेन्सच्या वेशीबाहेर, ऑलिव्हच्या झाडांखाली जी शाळा भरायची, तिथे ओनेटर रोज जायचा आणि विभागणी शिकायचा. म्हणजे कुठलीही गोष्ट घ्यायची, तिचे दोन भाग करायचे, हवा तो भाग ठेवायचा, त्याचे पुन्हा दोन भाग करायचे. असं करत करत शेवटी ती नेमकी गोष्ट हातात येते, म्हणे. ओनेटरच्या हातात मात्र सहसा काही यायचं नाही. एकदा आईनं मासे आणायला पाठवलं, तर हा बाजारात उभा राहून खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे असे भाग पाडत बसला. तोवर दोन्ही भाग लोकांनी विकत नेले. घरी त्या दिवशी मसुरीचं कढण झालं.

तरीही ओनेटरला वाटायचं, शाळेत आपल्याइतकी कष्टाळू विभागणी कुणी करत नाही. आणि तसं कुणी करतही नव्हतं. मग गेल्या वर्षी केओस बेटावरून फिलिनस आला!

तो आल्या आल्याच गुरुजींनी प्रश्न टाकला होता, "मैत्री म्हणजे काय?" ओनेटरनं बाह्या नाहीत तरी बाह्या सरसावल्यासारखं केलं आणि अगदी मुळापासून सुरुवात केली. ज्या गोष्टी आहेत, त्यांचे दोन भाग. सजीव, निर्जीव. सजीवांमध्ये पायवाले, बिनपायांचे. दुपार झाली तेव्हा तो चार पायांच्या प्राण्यांत अडकला होता आणि मैत्री कुठे दिसत नव्हती. मग फिलिनस उठला. दोन-तीन घावांत त्यानं काम उरकलं आणि लाजून खाली बसला.  गुरुजींचा हात हळूहळू दाढीकडे गेला. गुरुजी दाढी कुरवाळायचे ते फक्त मन भरून आलं की! ओनेटरच्या उत्तरावर तो हात आजवर एकदाच दाढीकडे गेला होता, आणि तेव्हा दाढीत मुंगी शिरली होती.

त्या दिवसापासून ओनेटरच्या पोटात जे निखारे पेटले, ते काही विझेनात. बरं, फिलिनसला मनातल्या मनात शिव्या द्याव्यात तर त्यालाही जागा नव्हती. पोरगा सरळ, हसतमुख, आणि ओनेटरला खरोखर जीव लावणारा. "ओनेटर, तू किती खोलात जातोस रे! मला नाही जमत," असं तो अगदी मनापासून म्हणायचा. निखाऱ्यांवर तेल!

आणि एक दिवस बाबा शाळेत ओनेटरला शोधत आले, तर वाटेत फिलिनस भेटला. बाबा घरी आले ते गाणं गुणगुणत. "काय मुलगा आहे! बघत राहावं! आपल्या मेलिटासाठी याहून चांगलं स्थळ मिळणार नाही." बाबांनी 'बघत राहावं' हे शब्द ओनेटरबद्दल कधीच वापरले नव्हते. 'बघवत नाही' असं मात्र बऱ्याचदा म्हणाले होते.

तर असं हे लग्न. शाळा फिलिनसकडे गेली, बाबाही त्याच्याकडे गेले, आता लाडकी बहीणसुद्धा तिकडेच निघाली! म्हणून ओनेटरनं पंगत मागून घेतली. सगळ्यांच्या देखत, व्याह्यांच्या देखत, आणि मुख्य म्हणजे फिलिनसच्या देखत अशी विभागणी करून दाखवायची, की फिलिनसचा हात त्याच्याच दाढीकडे गेला पाहिजे!

योजना झकास होती. दारात प्रत्येक पाहुण्याच्या डोक्यावर पानाफुलांचं कडं घालायचंच असतं. ओनेटरनं ठरवलं, प्रत्येक गटाला वेगळं पान. डोकं बघायचं आणि जेवायला टेकायचा पलंग दाखवायचा. भांडणाला वावच नाही!

पहिला घाव सोपा होता, पुरुष आणि बायका. बायकांची बाजू आईनं ताब्यात घेतली आणि ओनेटरला तिकडे फिरकू दिलं नाही. पुरुषांचे दोन भाग, नात्यातले आणि बिननात्यातले. नात्यातल्यांचे दोन, रक्ताचे आणि लग्नामुळे झालेले. बिननात्यातल्यांचे दोन, बोलावलेले आणि न बोलावता येणारे. इथपर्यंत येऊन तो थबकला. फिलिनस कुठे बसतो? नवरी गाडीत बसून जाईपर्यंत तो नात्यातला म्हणता येत नाही. बरं, नवऱ्याला कुणी लग्नाचं बोलावणं धाडतं का? नाही! म्हणजे न बोलावता येणारा. ओनेटरच्या अंगावर आनंदाचा काटा आला. त्यानं आणखी एक घाव घातला. न बोलावता येणाऱ्यांत काही नुसतेच खाऊन जातात आणि काही जाताना घरातलं काहीतरी उचलून नेतात. फिलिनस तर मेलिटाला नेणार होता! म्हणजे त्याची जागा स्वयंपाकघराच्या दाराशी, गावातल्या त्या दोन प्रसिद्ध फुकट्यांच्या शेजारी. ओनेटरनं ही विभागणी तीनदा तपासली. कुठेही चूक नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा त्याची विभागणी नेमक्या जागी पोचली होती!

लग्नाच्या सकाळी वेशीजवळच्या फुलवालीकडे तो गेला तर मेंदीची पानं होती, आयव्हीचा वेल होता, जांभळी फुलं होती. शेवटच्या गटासाठी काहीच उरलं नव्हतं.

"हा अजमोद्याचा पाला आहे तेवढा," ती म्हणाली. "पण हा लोक थडग्यांवर वाहायला नेतात, दादा. लग्नाला नको."

ओनेटरनं क्षणभर विचार केला. पाल्याचे दोन भाग, खायचा आणि न खायचा. अजमोदा माशांच्या रश्श्यात पडतो, म्हणजे खायचा. खायचा तो शुभ! शिवाय मनातले निखारे म्हणाले, घे, शोभेल त्याला.

संध्याकाळ व्हायच्या आत पाहुणे जमले आणि पहिला आवाज उठला थ्रासोन मामांचा.

"मी नवरीचा सख्खा मामा! आणि मला दाराशी? काढून ठेवलेल्या जोड्यांशेजारी?"

"मामा, तुम्ही आईकडून. म्हणजे लग्नामुळे झालेले नातेवाईक."

"लग्नामुळे झालेला? अरे गाढवा, तुझ्या आईबरोबर मी एका पाळण्यात वाढलो! तू लग्नामुळे झालास!"

तेवढ्यात आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. बाबांचे दोन चुलतभाऊ बांधावरच्या एका झाडापायी कोर्टात भांडत होते. पण दोघंही रक्ताचे, दोघंही शहराबाहेर राहणारे, दोघंही ऑलिव्हच्या बागांचे मालक. ओनेटरनं दोघांना एकाच पलंगावर टाकलं होतं! आता एकानं दुसऱ्याची उशी ओढली होती आणि दुसरा ओरडत होता, "बघा! याला माझं सगळंच आपलं वाटतं!"

"ओनेटर," बाबा दातांतून म्हणाले, "हे काय चाललंय?"

"थोडा वेळ द्या, बाबा. विभागणी रुजायला वेळ लागतो."

आणि फिलिनस? तो अजमोदा डोक्यावर घेऊन, काही न विचारता, स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन टेकला होता. दोन फुकटे त्याला गोष्टी सांगत होते. धमाल गोष्टी! त्या कोपऱ्यातून हसण्याचे फवारे उडत होते. थोड्याच वेळात मेंदीवाले उठून तिकडे गेले, मग जांभळी फुलंवाले गेले. आचारी मटणाचे पहिले तुकडे तिथेच देऊ लागला, कारण तिथून जवळ पडत होतं! ओनेटर मधोमध, मोकळ्या पलंगांमध्ये उभा. सगळ्यात वाईट जागा त्यानं हुडकून काढली होती, आणि या माणसानं तिची सगळ्यात चांगली जागा करून टाकली होती.

एवढ्यात नवऱ्याचे वडील, हेगियास, उशिरा आले. बोटीला वारा मिळाला नव्हता. ते मुलाला बघायला पुढे झाले आणि जागीच थिजले.

"जिवंत पोराच्या डोक्यावर थडग्याचा पाला?" त्यांचा आवाज फुटला. "कुणी घातला? कुणाला माझा मुलगा मेलेला हवाय? ऊठ, फिलिनस! गाडी उलटी फिरवा! हे लग्न होणार नाही!"

 बायकांच्या बाजूला आईचा हुंदका ऐकू आला. पदराआडून मेलिटा एकटक बघत होती, नवऱ्याकडे नव्हे, भावाकडे! बाबांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला.  मेलिटाला त्यानं कडेवर घेऊन फिरवलं होतं, आणि आज आपल्याच पोटदुखीपायी तिचं लग्न मोडत होतं.

"मी सांगतो," तो कसाबसा म्हणाला. "त्याचं असं आहे, ज्या गोष्टी आहेत, त्यांचे दोन भाग..."

"बाबा, मी घातला," फिलिनस उठून म्हणाला. त्यानं डोक्यावरचं कडं काढून हातात घेतलं. "ही पंगत माझीच कल्पना. शाळेतला खेळ आहे आमचा. ओनेटर नको नको म्हणत होता, मीच गळ घातली. पाला संपला तेव्हा मीच म्हटलं, मला काहीही चालेल. चुकलंच माझं."

"तू?" हेगियास म्हणाले. "तू हा गाढवपणा केलास?"

"केला खरा."

हेगियासनी त्याच्याकडे बघितलं, मग हातातल्या पाल्याकडे. आणि ते खो खो हसत सुटले! "आमच्या घराण्यात एवढा मूर्ख झाला नव्हता! आणा रे दारू!"

"चूक कबूल करायला छाती लागते," थ्रासोन मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "नाहीतर आमचा भाचा!" भांडणाऱ्या चुलतभावांचंसुद्धा जावयाच्या कौतुकावर एकमत झालं. मग ज्याला जिथे बसायचं तो तिथे बसला, तिळाचे लाडू फिरले, आणि अशी रंगलेली पंगत त्या गल्लीत कुणी पाहिली नव्हती.

गाडीत चढताना मेलिटानं ओनेटरचा हात घट्ट धरला.

"दादा, तूच केलंस ना ते?"

ओनेटर गाडीच्या चाकाकडे बघू लागला.

"मला ठाऊक आहे. त्यालाही ठाऊक आहे," ती म्हणाली. "म्हणून तर मी आनंदानं चाललेय."

मशाली दूर गेल्या. ओनेटरचे डोळे भरून आले होते. बहिणीला चांगला नवरा मिळाला म्हणून त्याला बरं वाटत होतं, आणि तो इतका चांगला आहे म्हणून संतापही येत होता.

काही दिवसांनी तो शाळेत गेला. तिथे दुसरा विषयच नव्हता!

"फिलिनसनं पंगतीवर विभागणी लावून बघितली म्हणे!" गुरुजी सांगत होते. "फसली, ते सोडा. पण धाडस बघा! झाडाखालून उठून खऱ्या माणसांत विभागणी नेली. इतक्या वर्षांत कुणाला सुचलं होतं हे?" आणि त्यांचा हात दाढीकडे निघाला.

ओनेटरच्या डोक्यात सर्रकन काहीतरी गेलं. माझी पंगत! माझे घाव! माझा पाला! आता चूकसुद्धा त्याच्याच नावावर?

तो ताडकन उठला. "गुरुजी! ती चूक माझी आहे! सगळी मी केली! मामांना जोड्यांशी मी बसवलं, थडग्याचा पाला मी आणला! फिलिनसचा त्यात काडीचाही हात नाही!"

 फिलिनस लाल होऊन जमिनीकडे बघत होता.  गुरुजी उठले, जवळ आले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दुसरा हात दाढीत होता.

"मेहुण्याला वाचवायला दोष स्वतःवर घेतोस, ओनेटर?" ते भरल्या गळ्यानं म्हणाले. "शाब्बास! फिलिनसच्या संगतीत किती सुधारलास रे तू!"