शेवटचं प्रकरण फाडणारे मास्तर

पेडणेकर मास्तर रहस्यकथा विकत घेत आणि दुकानाच्या पायरीवर उभे राहून तिचं शेवटचं प्रकरण फाडून टाकत. स्वतः न वाचता. दुकानदाराला पहिल्यांदा वाटलं, बांधणीत काही गोंधळ झाला. तो बिचारा दुसरी प्रत काढायला लागला. मास्तर म्हणाले, "खुनी कोण हे शेवटच्या पानावर गाढवालाही कळतं. त्याला मास्तर कशाला हवा?"

परळच्या आमच्या चाळीत मास्तर शेजारच्याच खोलीत एकटे राहत. बायको कधीच वारलेली. आठवडाभर शाळेत मराठी शिकवून मुलांचा पुरेसा छळ होत नसावा, म्हणून रविवारी सकाळी चाळीतली पोरं गॅलरीच्या टोकाला गोळा करून ते रहस्यकथा शिकवत. इतर चाळींत पोरं लेझीम शिकत, भजनं शिकत. आमची खुनाचा तपास शिकत. आईबापांची तक्रार नव्हती. शिकवणी फुकट होती.

मास्तरांचा प्रश्न एकच. "बघणारा कुठं उभा होता?" गोष्टीत कोणी म्हणालं की नोकर घाबरला होता, की मास्तर विचारणार, घाबरला हे ठरवलं कोणी? दारातल्याने की पलंगावर पडलेल्याने? त्याला नोकराचं तोंड तरी दिसत होतं का? सीताकाकूंची लोणच्याची बरणी फुटली तेव्हा मास्तरांनी पोरांकडून ती हकिगत काकूंच्या, त्यांच्या सुनेच्या आणि मांजराच्या बाजूने सांगून घेतली. मांजराची बाजू सगळ्यांत पटण्यासारखी निघाली. "माज्याच घरात मांजराक इचारतत, माका कोणी इचारूक नाय," असं म्हणत काकू पुढे कित्येक दिवस गॅलरीत फिरत होत्या.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. आमच्या चाळीतला प्रत्येक पुरुष मोर्चात सर्वांत पुढे असे; मागे कोण चालत असे, देव जाणे. मीही एका मोर्चात आघाडीवर होतो. घरी येऊन मी त्याचं साग्रसंगीत वर्णन केलं. माझी मुलगी शकू, मास्तरांची पट्टशिष्या, सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "बाबा, तुम्ही पुढे होतात, तर तुम्हाला सगळ्यांच्या पाठीच कशा दिसल्या?" त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं, तेही मी बोललो नाही.

मांजराची बाजू ऐकणाऱ्या या मास्तरांनी एका माणसाची बाजू मात्र ऐकली नव्हती. त्यांचा एकुलता एक मुलगा दत्तू पोलिसात शिपाई होता. मोर्चावर लाठ्या चालल्या त्या दिवशी त्याची ड्यूटी तिथेच होती. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा मास्तरांनी त्याला उंबऱ्याबाहेर उभं ठेवलं आणि बजावलं की पुन्हा या घरात यायचं नाही. दत्तू बायकोला घेऊन नायगावच्या पोलीस लाइनीत राहायला गेला आणि मास्तर एकटे उरले. चाळीने मास्तरांची पाठ थोपटली. दुसऱ्याच्या घरातला त्याग आम्हाला फार आवडतो. दत्तूने लाठी उगारली होती की नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कारण त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

एका रविवारी गोष्टीत एका म्हातारीची जबानी आली. म्हातारी घरातल्या सगळ्यांना अरे-तुरे करायची, पण धाकट्या मुलाचा विषय निघाला की म्हणायची, "वसंतराव त्या दिवशी घरी नव्हते." मास्तर खुलले. कोण कोणाला अरे म्हणतं आणि कोण कोणाला अहो, एवढं नीट ऐकलं तरी निम्मा तपास होतो, म्हणाले. पोरांनी तर्क लढवले. वसंतराव मोठे साहेब असतील, सावत्र असतील, जावई असतील. मी दाराशी दाढी करत ऐकत होतो.

शकू म्हणाली, "ती रुसलीय त्याच्यावर. आमची आई चिडली की मला म्हणते, शकुंतलाबाई, जेवायला या."

"शाबास. म्हणजे म्हातारीची माया आटली?"

"नाही मास्तर. परक्यावर कोण कशाला रुसेल?" आणि मग, मास्तरांनीच शिकवल्याप्रमाणे, तिने पुरावा पुढे केला. "काल दूधवाल्याने दत्तूदादाची चौकशी केली, तेव्हा तुम्ही पण म्हणालात, दत्तात्रेयराव नायगावला असतात."

माझा वस्तरा गालावरच थांबला. आता कार्टीच्या थोबाडीत बसणार, असं वाटलं. मास्तरांनी पुस्तक मिटलं, चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसत बसले. काच कधीच स्वच्छ झाली होती, तरी पुसतच होते. मग म्हणाले, "उत्तर बरोबर आहे," आणि उठून आत गेले. इतकी वर्षं त्यांची टिंगल करत आलो, पण त्या वेळी मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं.

संध्याकाळी मास्तर टोपी घालून माझ्या दारात हजर. नायगावपर्यंत येता का, म्हणाले. एकट्याला खोली सापडायची नाही. गावभरचे खुनी शोधणाऱ्याला मुलाची खोली सापडत नव्हती. मी मुकाट्याने चपला घातल्या. वाटेत ते प्रश्नांची उजळणी करत होते. पोलिसांची रांग कुठे होती, हुकूम कोणी दिला, लाठी खाली होती की वर. शेवटी न राहवून मी विचारलं, "मास्तर, बाप म्हणून चाललाय की फौजदार म्हणून?"

दार दत्तूनेच उघडलं. अंगात बनियन, हातात चहाची कपबशी. वडिलांना बघून तो साहेबापुढे राहावं तसा ताठ उभा राहिला. मास्तरांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. पाठ केलेल्या प्रश्नांतला एकही त्यांना आठवला नसावा.

"वाळलास रे," ते म्हणाले.

दत्तू कपबशीसकट वडिलांच्या पाया पडायला वाकला. सून आतून धावत आली आणि तिने आधी ती कपबशी काढून घेतली.