वीसबाडेनचं गरम पाणी

एखाद्या शहराचा निःपक्षपाती इतिहास लिहायचा, तर ते शहर पाहिलेलं नसणं ही फार मोठी सोय असते. गिरगावातल्या अच्युतराव तळपद्यांना ती जन्मभर लाभली. जर्मनीतलं वीसबाडेन शहर आणि तिथले गरम पाण्याचे झरे यांचा त्यांनी वीस वर्षं अभ्यास केला; स्वतः मात्र बायकोने पेटवलेल्या बंबातलं पाणी घेत. (बंबाचा इतिहास लिहावा असं त्यांना कधी वाटलं नाही. बंब त्यांनी पाहिला होता.)

अभ्यासाला श्रोता तेवढा नव्हता. पत्नी उर्मिलाबाई तांदूळ निवडताना ऐकत, पण रोमन लोक येईपर्यंत तांदूळ संपत.

छप्पन साली योग आला. वाडीतल्या वाचनालयात संयुक्त महाराष्ट्रावर एका पुढाऱ्याचं व्याख्यान होतं. गिरगाव लोटलं, लालबाग-परळहून गिरणी कामगार आले, आणि ऐन वेळी वक्त्यांनाच पोलिसांनी उचललं. (वक्त्यांची ने-आण तेव्हा सरकार विनामूल्य करी.) कार्यवाह सीतारामपंत घामाघूम होऊन अच्युतरावांकडे धावले.

"तुमचं ते जर्मन गाव काढा. पण जरा आवाज चढवून!"

अच्युतराव उभे राहिले. वीसबाडेनला सव्वीस उष्ण झरे आहेत, रोमन लोक तिथे सांधे शेकत, त्याच पाण्याच्या तळाशी बसणाऱ्या गाळाच्या गोळ्यांनी केस रंगवत, इथपर्यंत आले आणि मागे बाकं वाजू लागली. घाबरून त्यांनी मधली सगळी शतकं ओलांडली आणि थेट अठराशे सहासष्टमध्ये उडी मारली.

"हे शहर नासाऊ संस्थानाची राजधानी. बलाढ्य प्रशियाने ते गिळलं. लोकांना कुणी विचारलंसुद्धा नाही!"

बाकं थांबली. परळचा कुशाबा नावाचा विणकर ताडकन उठला. "शेम! शेम! आमची मुंबय पण अशीच गिळूक बघतत!"

अच्युतरावांना आयुष्यात प्रथमच कुणी मध्ये अडवलं होतं. त्यांना चव लागली. महायुद्धानंतर हेसे राज्य जोडलं गेलं आणि वीसबाडेन त्याची राजधानी झालं, यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारच्या माइन्त्स शहराचे नदीपलीकडचे भाग वीसबाडेनकडे गेले, यावर "बेळगाव! बेळगाव!" असा गजर झाला. (अन्याय नक्की कुणावर, हे विचारायला सभेला सवड नव्हती.)

दारातच पोलीस उभे होते.

"हा नासाऊ राहतो कुठे?" इन्स्पेक्टरने दरडावलं.

"ते संस्थान आहे, साहेब."

"म्हणजे संस्थानिकपण सामील?"

अच्युतराव तुरुंगात गेले. घोषणा दिल्याबद्दल कुशाबाही त्याच बराकीत आला. एका दुपारी तो जवळ सरकला.

"मास्तरानू, त्या पाण्यान गुडघे खरेच बरे होतत? आमची आवस दोन वरसां उठाक नाय."

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून अच्युतरावांनी वीस वर्षं वाट पाहिली होती. उत्तर तोंडपाठ होतं. पण आईसाठी विचारणाऱ्या कुशाबाच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी ते बाजूला ठेवलं.

"माहीत नाही रे," ते म्हणाले. "मी कधी गेलो नाही."

"जाऊंदे," कुशाबा म्हणाला. "आम्ही तरी खंय जातलांव?"



सुटल्यावर हार पडले. ठाकूरद्वारपासून काळाचौकीपर्यंत व्याख्यानांची मागणी आली. मात्र झऱ्यांचा विषय निघाला की लोक ओरडत, "पाणी राहू द्या, प्रशिया घ्या!" अच्युतरावांनी लोकेच्छेला मान दिला. आधी पाण्यातले क्षार गेले, मग केसांचा रंग, मग रोमन. शेवटी भाषणात निखळ अन्याय उरला.

साठ साली मुंबईसह राज्य झालं. अच्युतराव पोरासारखे नाचले. आता कुणाला प्रशिया नको, या भरवशावर त्यांनी लगेच 'वीसबाडेनचे झरे व त्यांचे गुणधर्म' हे व्याख्यान जाहीर केलं. सभागृहात उर्मिलाबाई होत्या आणि पुरेशा सतरंज्या होत्या. ते शेवटपर्यंत बोलले.

त्या व्याख्यानातले गुणधर्म, कोणतं पाणी कोणत्या दुखण्यावर, हे सगळं आम्ही इथे सविस्तर लिहिलं होतं. वाचकांना कंटाळा येईल म्हणून काढून टाकलं. अद्याप कुणाची तक्रार नाही.