बांधावरची रांग

बशीत कप टेकला, आणि तेवढ्या आवाजानंही राजनंदिनी दचकली. तिचे सासरे, सर्जेराव, एरवी चहा असा फुर्रफुर्र ओढायचे की अंगणातली कोंबडी मान वर करायची. आज बांधावरून आल्यावर त्यांनी कपाला तोंडही लावलं नव्हतं. चहा तसाच गार झाला होता.

"रावज्यानं दगड सरकवला," शेवटी ते म्हणाले.

"कंचा दगड?" मुक्ताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"हद्दीचा! काल दिसभर उनात हुबं ऱ्हाऊन मोजणी करून घेतली. मोजणीवाल्यांनी दगडाला आन् खालच्या जागंला चुना फासून खूण केली. सोमवारी शिमिटात पक्का बसवायचा हुता. आन् सकाळी बघतो तर दगड आमच्या रानात, नांगराची दोन तासं आत!"

राजनंदिनीच्या हातातली चपाती तव्याऐवजी शेगडीवर पडली.

काल ती दिवसभर बारामतीत, माहेरी होती. संध्याकाळी परतताना नेमकी बांधाच्या चढावर वल्लूला शू लागली. पाच वर्षांच्या वल्लूची शू कुणासाठी थांबत नसे. गाडीचा हँडब्रेक ढिला होता. तो दुरुस्त करायला तिच्या नवऱ्याला, रणजितला, कैक रविवार सवड मिळाली नव्हती. म्हणून तिनं बांधावरचा हाताला लागला तो दगड उचलून मागच्या चाकाला लावला, लेकीला झुडपाआड नेलं आणि आल्यावर गाडी काढून घर गाठलं. दगड राहिला तिथंच. हाताला काही पांढरं लागलं होतं, ते तिनं ओढणीला पुसलं होतं. ती ओढणी आत्ता दारामागे टांगलेली होती.

"आई, तो दगड तर आपण..." वल्लू म्हणाली.

राजनंदिनीनं तिच्या तोंडात गूळ-चपातीचा घास कोंबला.

"काय म्हनती गं पोरगी?"

"काही नाही आबा. गूळ मागतीय."

राजनंदिनीनं शेगडीवर पडलेली चपाती उचलून तव्यावर टाकली. वल्लू गाल फुगवून तिच्याकडे बघत होती, चावायचंही विसरून.

शाळेत सोडायला जाताना गुपचूप दगड जागेवर ठेवून द्यायचा, असं तिनं मनाशी ठरवलं. पण ती वल्लूची वेणी घालेपर्यंत सर्जेरावांनी ट्रॅक्टर काढला आणि बांधावरच्या वाटेत आडवा लावला. ते बघून पलीकडच्या रानातून शेजारी रावजींनी बैलगाडी आणली, तीही आडवी लावली आणि बैल सोडून सावलीला बांधले.

बांधाच्या अलीकडे इंदापूर तालुका, पलीकडे बारामती. मोठ्या रस्त्याचं काम निघाल्यापासून कारखान्याला जाणारा सगळा ऊस याच वाटेनं यायचा. बघता बघता पलीकडे भरलेल्या ट्रॉल्यांची आणि अलीकडे रिकाम्या ट्रॉल्यांची रांग लागली. मध्ये दुधाचा टेम्पो अडकला, शाळेची गाडी अडकली. राजनंदिनीची गाडी पुढे होती. तिच्यामागे दोन ट्रॉल्या येऊन ठेपल्या, आता वळायचीही सोय राहिली नाही.

"आयला, बॉर्डरच झाली की ही!" ट्रॅक्टरवाला झुंबर उसावर चढून ओरडला. "ऊस बारामतीचा, कारखाना इंदापूरचा. व्हिसा कुठं मिळतोय तेवढं सांगा!"

"तू खाली उतर आधी, न्हायतर तुलाच गाळपाला घालतील!"

"घालू द्या. हितं वाळण्यापरीस बरं!"

लोक हसत होते. राजनंदिनीला हसू येईना. हळूच जाऊन पायानं दगड सरकवावा म्हणून ती उतरली, तर दगडाभोवती दहा-बारा जण उभे, जणू तो आता काही बोलणार आहे. तिघं त्याचं मोबाइलवर शूटिंग घेत होते. ती परत गाडीत येऊन बसली.

"आई, सांग ना त्यांना," वल्लू म्हणाली.

"सांगते हं. थांब जरा."

तेवढ्यात रावजी पुढे आले. काटकुळा म्हातारा, गावच्या दूधसंस्थेच्या किल्ल्या वर्षानुवर्षं त्यांच्या कमरेला. वल्लू दिसली की खिशातून पेरू काढून देणार आणि "आबाला सांगू नगं" म्हणून डोळे मिचकावणार.

"सर्जेराव, आपण एका ताटात जेवलेली माणसं," ते म्हणाले. "दगडाला माझा हात लागलेला न्हाय."

"मंग काय त्यो पायानं चालत आला व्हय?"

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "आधी संस्थेच्या किल्ल्या काढून घ्या. आज दगड सरकवला, उद्या दुधात हात घालंल."

रावजींचा हात नकळत कमरेला गेला. कुणीतरी खंडोबाच्या देवळातून बेलभंडारा आणला. म्हाताऱ्यानं पायातल्या वहाणा काढल्या आणि बेलभंडारा उचलायला हात पुढे केला.

"उचल, उचल," सर्जेराव म्हणाले. "चोराला शपथंचं काय!"

रावजींच्या डोळ्यांत पाणी आलं. राजनंदिनीला आता गाडीत बसवेना. वल्लूला कडेवर घेऊन ती गर्दीत घुसली.

"रावजीतात्या, शपथ घेऊ नका. दगड मी हलवला. काल संध्याकाळी. गाडीच्या चाकाला लावला आणि तसाच विसरले."

शूटिंग घेणाऱ्यांनी मोबाइल दगडावरून तिच्याकडे वळवले.

मग झुंबर उसावरनं गहिवरून म्हणाला, "बघा! भांडण मिटावं म्हणून पोरगी स्वतःच्या अंगावर घेती!"

"अहो नाही! मी खरंच..."

"सूनबाई," सर्जेरावांचा आवाज एकदम खाली आला, "आमच्यापायी खोटं बोलतीस?"

"खोटं नाही आबा! हँडब्रेक लागत नव्हता. हाताला चुनापण लागला होता. ओढणी दाखवते हवी तर!"

"येवढी शिकलेली तू. हद्दीचा दगड वळखायची न्हाईस व्हय?"

ओळखला नव्हता, हे तर खरंच होतं.

"मला शू लागली होती!" वल्लू ठणकावून म्हणाली.

गर्दी हसली. "पोरीला बी पढवून आणलंय!" दूधवाला म्हणाला आणि त्यानंही डोळे पुसले.

रावजींनी राजनंदिनीच्या डोक्यावर हात ठेवला. "माझी सख्खी लेक बी चारचौघांत माझ्यासाठी अशी हुबी ऱ्हायली नसती. सर्जेराव, माझाच बैल अडखळला आसंल, मला आठवत न्हाय."

"न्हाय रावजी. माझाच ट्रॅक्टर घासला आसंल. माझं डोकं जरा गरम हाय, तुला ठावं हाय."

"तुझा न्हाय, माझा बैल!"

"माझा ट्रॅक्टर म्हनतो ना!"

आता कुणाची चूक यावरून नवं भांडण पेटतं की काय असं वाटलं. पण दोघं एकदम हसले आणि एकमेकांच्या गळ्यात पडले. दगड दोघांनी मिळून चुन्याच्या खुणेवर ठेवला. कुणीतरी त्याच्यापुढे नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा राजनंदिनीच्या हातावर ठेवला. ट्रॅक्टर मागे गेला, बैलगाडी बाजूला झाली, रांग हलली. राजनंदिनीच्या गाडीजवळून पुढे जाताना एकेक ड्रायव्हर वाकून हात जोडत होता. "धन्य हाय वहिनी!" झुंबर म्हणाला आणि खिडकीतून उसाचं एक कांडं वल्लूच्या मांडीवर टाकून गेला.

राजनंदिनीनं मान खाली घातली. सकाळी खोटं बोलताना वाटली नव्हती एवढी लाज तिला आता वाटत होती. सासऱ्यांनी रणजितला फोन लावलेला तिला काचेतून ऐकू येत होता: "आरं, सून न्हाय, देवी हाय ती!"

वल्लूनं उसाचं कांडं बाजूला ठेवलं आणि आईच्या तोंडाकडे बघत विचारलं,

"आई, आपण खरं बोललो ना? मग तू खोटं बोललीस म्हणून सगळे तुला चांगली का म्हणतायत?"