बाबागाडीचं समीकरण

छकुली दुपारी एक वाजता बाबागाडीत झोपते आणि एक वाजून सात मिनिटांनी, औषधाच्या दुकानासमोरच्या खड्ड्यात, उठते. त्या सात मिनिटांत तिची मूठ हळूहळू उघडते. मग उरलेला दिवस ती आणि तिची आई मिळून रडतात. म्हणून आईने रस्ते विभागात अर्ज दिला : खड्डा बुजवावा.

अभियंतासाहेबांनी अर्ज गांभीर्याने घेतला. फळ्यावर अवकल समीकरण मांडलं. बाळाचं वजन, स्प्रिंगचा ताठरपणा, धक्का पचवण्याची क्षमता, सगळं डावीकडे. उजवीकडे रस्त्याचा चढउतार. तिथे त्यांनी शून्य लिहिलं.

"अहो, पण खड्डा?" आई म्हणाली.

"रस्ता सपाट असल्याच्या दाखल्यावर माझी सही आहे, बाई. म्हणजे धक्का तुमच्या गाडीतच तयार होतो. बाळाचं वजन?"

"सात किलो. दूध प्यायली की थोडं जास्त."

साहेबांनी खडू खाली ठेवला. "असं बदलतं वजन चालणार नाही. उत्तर निघेपर्यंत एकाच वजनावर ठेवा."

"लेकरू आहे ते, पोतं नाही!" सोबत आलेल्या सासूबाई कडाडल्या. "त्यापेक्षा तुम्हीच बसा गाडीत. तुमच्या वजनात काही फरक पडायचा नाही."

सूचना तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होती. दुसऱ्या दिवशी साहेब गुडघे हनुवटीला लावून बाबागाडीत बसले. दोन कारकून ढकलत होते, तिसरा वेळ नोंदवत होता, आणि छकुली आईच्या कडेवरून टक लावून बघत होती. एक वाजून तीन मिनिटांनी साहेब घोरू लागले. सातव्या मिनिटाला गाडी खड्ड्यात आदळली आणि एक चाक निखळून औषधाच्या दुकानात गेलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते परत मिळणार नाही, असं दुकानदाराने कळवलं.

साहेब घोरतच होते.

अहवाल आला : प्रयोग यशस्वी. प्रौढ प्रवासी धक्का सहज पचवतो. दोष बाळात आहे. खड्डा सरावासाठी कायम ठेवावा.

चाक गेल्यापासून छकुलीची ती सात मिनिटंही गेली होती. तिला थोपटत आईने विचारलं, "पण प्रौढ म्हणजे फक्त तुम्हीच ना, साहेब?"

"छे हो! खड्ड्याबद्दल महिनाभर हरकती मागवल्या होत्या. रोज हजारो माणसं त्यावरून जातात. तुमची एक सोडली तर कुणाचीच आली नाही. हरकत न घेतलेल्यांची यादी मागे जोडलीय, बघा."

आईने पान उलटलं. यादीवर शेरा होता, 'उत्तम पचवतात'. वाचकहो, तुमचं नाव वरून तिसरं होतं.