शंभर मेगावॉटची परेड

सुभेदार म्हणून निवृत्त झालेला कृष्णात एका वीज कंपनीत लागला, तो पलटणीची शिस्त घेऊनच. कंपनीला पलूसच्या माळावर सौर पॅनेल लावायची होती आणि नेमकं मधलं रान होतं चंद्राबाईचं. म्हातारीचा होकार आणला तर कृष्णातची नोकरी पक्की, नाहीतर दिवसभर घरात बायकोच्या हुकुमाखाली. या दुसऱ्या शक्यतेनं त्याची झोप उडाली होती.

"आत्ती, आमची क्षमता शंभर मेगावॉटची हाय," त्यानं छाती फुगवून सांगितलं. "चाळीस वाऱ्याची, तीस उसाच्या चिपाडाची, दहा पाण्याची आन वीस उन्हाची. समदी एका दिसात दावतो. बघा, मग हो म्हना."

"दाव की."

कृष्णातनं चारी ठिकाणी फोन लावले. गुरुवारी सगळं पूर्ण ताकदीनं चालू पाहिजे, असा हुकूम सोडला आणि पलीकडचं ऐकून न घेता फोन ठेवला. पलटणीत त्याला उलट विचारायची कुणाची टाप नव्हती. इथं हाताखाली वारा आहे, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

गुरुवारी चैत्राचं ऊन रखरखत होतं. जीप साताऱ्याच्या पठारावर पोचली, तर एकाही पवनचक्कीचं पातं हलेना.

"ह्येंचं काय रं?"

"वारं पावसाळ्यात असतंय, आत्ती. सध्या सुट्टीवर हायती."

साखर कारखान्यावर गेले, तर गाळप संपून महिना झालेला. चिपाडावर चालणारा बॉयलर थंड आणि त्याच्या सावलीत राखणदार पेपर वाचत बसलेला. कालव्यावरच्या वीजघराचं पाणीही आदल्याच दिवशी बंद झालं होतं. कृष्णातला घाम फुटला, पण आवाज काही खाली आला नाही.

आष्ट्याजवळच्या सौर प्रकल्पावर मात्र मीटर जोरात पळत होता.

"बघा, कशी तयार हुतीया वीज!"

"आन बाकीची ऐंशी?"

"ती क्षमता हाय, आत्ती. म्हंजे वेळ आली की करत्यात."

चंद्राबाई गालात हसली. "आत्ता कळलं. माज्या घरात पाच ल्योक हायत. क्षमता पाचांची. शेन काढती एकटी सून."

कृष्णातनं उगाच टोपी सारखी केली.

"माळ घ्या," म्हातारी म्हणाली. "ह्यो उन्हाचा गडी एकटा राबतोय, त्येला जागा दिली पायजे."

कृष्णातची मान पुन्हा ताठ झाली. नोकरी पक्की झाली होती. त्यानं ऐटीत जीपचं दार उघडून धरलं.

आत बसता बसता चंद्राबाई थांबली. तिनं त्याला पायापासून टोपीपर्यंत न्याहाळलं.

"आन कृष्णात, तू कुठल्या हंगामात चालतोस रं?"