छत्तीस टॉवेलांचा सन्मान

ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला वस्तू विकणे, यात कर्तृत्व असे काहीही नाही. ते काम कोपऱ्यावरचा वाणी पिढ्यानपिढ्या करीत आला आहे आणि त्याबद्दल त्याला कोणी पदक दिल्याचे ऐकिवात नाही. खरी व्यापारविद्या ती, जी खिशात पैसे असलेल्या माणसालाही ते खिशातच ठेवून उसने घ्यायला लावते, आणि वर त्याच्याकडून आभारही मानून घेते. ही विद्या शहरातल्या चौमजली गृहोपयोगी भांडाराला पूर्णपणे साध्य झाली आहे. भांडारात वर्षाला नऊ सेल लागतात आणि त्यातला प्रत्येक अखेरचा असतो. (असे अखेरचे सेल आजवर एकशे सात झाले.)

त्यातल्याच एका अखेरच्या सेलला मास्तर गेले.

मास्तर म्हणजे शिंपी. बाजारामागच्या गल्लीत त्यांची एकच लांबट खोली. पुढे शिलाई मशीन, मध्ये पडदा, पडद्यामागे संसार. कापणे आणि शिवणे हे मास्तरांचे खाते, तर काज-बटण, तुरपाई आणि गिऱ्हाइकाशी खरे बोलणे ही बायकोची खाती. सव्वीस वर्षे हा कारभार सुरळीत चालला होता. मग बाईंचे उजवे मनगट सुजले. हाडांच्या डॉक्टरांनी ते इकडून तिकडे वळवले, बाईंच्या तोंडून निघालेला आवाज लक्षपूर्वक ऐकला आणि निर्णय दिला.

"सुई चालेल. धुणं पिळणं बंद. पिळत राहिलात तर वर्षभरात सुईही धरता येणार नाही."

म्हणून कपडे धुऊन पिळून देणारे मशीन घ्यायचे ठरले. अकरा महिने मास्तर बटणांच्या डब्यात पैसे साठवत होते. वर बटणांचा थर, खाली नोटा. डब्याचे फिरकीचे झाकण इतके घट्ट होते, की ते फक्त मास्तरांना आणि बाईंना उघडता येई; त्यामुळे कुलपाचा खर्च वाचला होता. मशीन एकोणीस हजारांना पडेल असा मास्तरांचा अंदाज होता, पण साठवले त्यांनी साडेएकवीस. वरचे अडीच हजार ही माया. शिवणीच्या आत जादा कापड दडवून ठेवतात, पुढेमागे अंग भरले तर उसवून कपडा मोठा करता यावा म्हणून, त्याला शिंपी माया म्हणतात. मास्तरांनी आयुष्यात मायेशिवाय काहीही कापले नव्हते.

भांडाराला दोन दारे आहेत. समोरचे काचेचे दार सन्मान कार्ड असलेल्यांसाठी सकाळी नऊला उघडते. आत शिरताच थंड सरबत, बसायला लाल कोच आणि हातात फुगा. (फुगा प्रौढांनाही मिळतो. नाकारल्याची नोंद नाही.) मागचे दार रोख पैसे घेऊन येणाऱ्यांसाठी आहे, ते अकराला उघडते आणि खोक्यांच्या ढिगातून, स्वच्छतागृहावरून, रोखीच्या खिडकीशी नेते. ही खिडकी दुपारी दोन ते तीन चालू असते. दोन ते तीन ही खिडकीवरच्या कारकुनाची जेवणाचीही वेळ आहे. रोखीने खरेदी करणाऱ्यांपैकी शंभरातले एकाहत्तर जण तासाभरात विचार बदलतात, असे भांडाराचीच पाहणी सांगते. उरलेल्या एकोणतिसांची पाहणी करायला कोणाला वेळ झालेला नाही.

मास्तर डबा पोटाशी धरून उभे राहिले. समोरच पांढरेशुभ्र मशीन होते. त्यावर हातभर लाल अक्षरांत सोळा हजार नऊशे नव्व्याण्णव लिहिले होते, आणि खाली काजाएवढ्या अक्षरांत लिहिले होते की हा भाव कार्डवाल्यांना. रोखीने तेवीस हजार नऊशे नव्व्याण्णव. मास्तरांची नजर काजाला सरावलेली, म्हणून ते वाचता तरी आले. माया धरूनही अडीच हजार कमी पडत होते.

तेवढ्यात एक हसतमुख बाई आल्या. त्यांच्या छातीवरच्या पट्टीवर 'आनंद-सल्लागार' असे लिहिले होते.

"काका, रोखीनं घेताय?" त्यांनी आजाऱ्याला विचारावे तशा आवाजात विचारले. "घरी सगळं ठीक आहे ना?"

"पैसे आहेत, म्हणून रोखीनं," मास्तर म्हणाले.

"असू देत की. पैसे असणं हा काही गुन्हा नाही. ते तसेच ठेवा. आधी अभिनंदन!"

सव्वीस वर्षांत मास्तरांचे कोणी अभिनंदन केले नव्हते. लग्नातल्या कपड्यांबद्दल नवरदेवाचे होते, शिंप्याला फक्त 'बगलेत काचतंय' एवढे ऐकावे लागते. मास्तरांची पाठ नकळत ताठ झाली. सल्लागारांनी त्यांना मागच्या दारावरून पुढच्या कोचावर नेले, हातात फुगा दिला आणि एकेचाळीस रकान्यांचा अर्ज पुढे ठेवला.

"आजवर किती कर्जं घेतलीत?"

"एकही नाही."

आनंद-सल्लागारांचा चेहरा पडला. "एकही नाही? अरेरे. मग तुमची पत कशी असणार, काका? ज्यानं कधी बुडवायची संधीच घेतली नाही, तो बुडवणार नाही हे आम्ही कशावरून समजायचं?"

तर्क बिनतोड होता. मास्तर खजील झाले. माणसाने सव्वीस वर्षे उधारी न करता काढावीत, आणि ती वाया गेली हे त्याला कोचावर बसून कळावे, हा प्रसंग मोठाच. पण भांडाराचे मनही मोठे होते. अशा निष्कलंक माणसांनाही कार्ड मिळते, फक्त ते पहिल्या पायरीचे असते. पहिल्या पायरीवर मशीन मिळत नाही. पहिल्या पायरीवर किमान चार-चार हजारांच्या तीन खरेद्या करायच्या, हप्ते फेडायचे आणि गुणागुणाने पत कमवायची. ठरलेले गुण भरले की दुसरी पायरी, आणि दुसऱ्या पायरीवर मशीन. शिवाय प्रत्येक खरेदीवर बारा टॉवेल फुकट.

"आणि तुमच्या कार्डाची मर्यादा आहे तीस हजार," सल्लागार म्हणाल्या.

मास्तरांनी मनात त्याचा लगेच हिशेब लावला. डब्यात साडेएकवीस आहेत, आणि भांडाराने वर तीस हजारांची माया ठेवली आहे. एवढी माया ठेवणारा शिंपीही त्यांनी पाहिला नव्हता. ती आपलीच असते, फक्त उसवायचा अवकाश, अशा समजुतीत त्यांनी तेवीस सह्या केल्या.

संध्याकाळी मास्तर घरी आले ते जाड पडद्यांचे दोन जोड, गालिच्यासारखी चार पायपुसणी, बारा टॉवेल आणि एक फुगा घेऊन. बाईंनी सगळे नीट पाहून घेतले.

"मशीन?"

"ते दुसऱ्या पायरीवर आहे."

"आपल्याकडे पायरी एकच आहे, तीही तुटकी. आणि हे टॉवेल?"

"फुकट! आणि डबा बघ, जसाच्या तसा. एक नोट गेली नाही."

बाईंनी डबा हलवून पाहिला. मग त्या म्हणाल्या, "अहो, हे पडदे धुणार कोण?"

या प्रश्नाची मास्तरांनी थोर मनाने उपेक्षा केली. दुसऱ्या खरेदीत पलंगपोस आणि रजयांच्या खोळी आल्या, तिसरीत सोफ्याचे अभ्रे. (सोफा नव्हता. तो सेलमध्ये चार हजारांहून स्वस्त होता, म्हणून पायरीसाठी धरत नव्हते.) तीन महिन्यांत छत्तीस टॉवेल झाले. खोलीत दोन माणसे आणि छत्तीस टॉवेल म्हणजे दर माणशी अठरा. एवढा कोरडेपणा राजेरजवाड्यांच्या घरीही नसेल. नव्या टॉवेलांचा रंग जायचा, म्हणून ते आधी तीन पाण्यांतून काढून पिळावे लागत. बाई पिळत होत्या. पिळताना डाव्या हाताने उजवे मनगट धरायची त्यांना सवय लागली होती.

राहता राहिला हप्ता. तो दर महिन्याच्या दहा तारखेला भरायचा होता. इथे मास्तरांची चूक झाली, पण ती धंद्याची चूक होती. शिंप्याच्या जगात तारीख ही बोलणी सुरू करण्यासाठी असते. गुरुवारी कपडे देतो म्हटले, की ते सोमवारी मिळतात हे गिऱ्हाईकही जाणते, आणि तरीही गुरुवारी येऊन एकदा भांडून जाते. त्याने दोघांचे नाते टिकते. म्हणून मास्तर तेरा तारखेला हप्ता घेऊन गेले, आणि आपण किती लवकर आलो याचा त्यांना रास्त अभिमान होता. हप्ता फक्त रोखीच्या खिडकीवर, दोन ते तीनमध्ये भरता येत असे. खिडकीवरच्या कारकुनाने तोंडातला घास संपवून त्यांना विलंब शुल्क सांगितले, मग शुल्कावरचे शुल्क सांगितले, मग पावतीचे शुल्क सांगितले.

"तीनच दिवस झाले हो," मास्तर म्हणाले. "दहा म्हणजे दहा-पंधरा असंच ना?"

"दहा म्हणजे दहा," कारकून म्हणाला. त्याची विजार मास्तरांकडे पाच आठवडे पडून होती. ती अजून झाली नव्हती, आणि हे दोघांच्याही लक्षात होते.

मात्र भांडार उदार होते. दंडावरही गुण मिळत. चार महिन्यांत सगळी खरेदी फिटली आणि मास्तर दंड भरून भरून दुसऱ्या पायरीपासून केवळ दोनशे गुणांवर आले. डब्यात साडेएकवीसांपैकी उरले होते चार हजार दोनशे. आता मशीन हप्त्यांवरच घेता येणार होते, आणि म्हणून आता कार्डावाचून गत्यंतर नव्हते. ज्या कार्डाची गरज नव्हती त्याची गरज चार महिन्यांत निर्माण करून दाखवणे, हे कुठल्याही सरकारी योजनेला अजून जमलेले नाही.

"दोनशेच ना?" आनंद-सल्लागार म्हणाल्या. "ओळखीच्या लोकांची नावं द्या, काका. फोन नंबरासकट. एका नावाला एक गुण."

मास्तर धावत घरी आले आणि मापाची वही काखेत मारून परतले. सव्वीस वर्षांची वही: छाती, कंबर, बाही, उंची, समोर नाव आणि नंबर. आतल्या गोष्टीही त्यात होत्या. (कोणाचा एक खांदा उतरता आहे, कोण पोट आत ओढून माप देतो.) ही वही मास्तरांनी सख्ख्या मेव्हण्यालाही दाखवली नव्हती. भांडाराने तिच्या पानापानाचे फोटो काढून घेतले. तीनशे बारा नावे निघाली. मास्तर दुसऱ्या पायरीवर चढले, टाळ्या वाजल्या, पुन्हा फुगा मिळाला. मशीन मागच्या अखेरच्या सेलमध्येच संपले होते. पुढच्या अखेरच्या सेलला येणार होते.

फुगा घेऊन मास्तर घरी आले तेव्हा बाई बटणांचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. एका सदऱ्याला बटण लावायचे होते. झाकणावर हात ठेवून त्या फिरवू पाहत होत्या आणि झाकण हलत नव्हते. त्यांनी डबा डाव्या हातात घेऊन पाहिला, गुडघ्यांत धरून पाहिला, मग पदराने धरून पाहिला.

"उघडून द्या," त्या म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर मास्तरांना बरे वाटले असते.

मास्तरांनी झाकण काढले. बाईंनी बटण उचलले, ते निसटले. पुन्हा उचलले. सुईत दोरा मास्तरांनी ओवून दिला, पण सुईसुद्धा दोन टाक्यांनंतर बाईंच्या बोटांतून गळून पडली. बाईंनी सदरा बाजूला सारला आणि भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "साडेएकवीस होते. आणखी दोन महिने थांबला असतात तर रोखीनं आलं असतं हो." मास्तरांना लाज वाटली, इतकी, की त्यांनी कार्ड काढून कात्री हातात घेतली. कात्री कापडाची, धारदार, आणि कार्ड तिच्या दोन पात्यांमध्ये आलेही होते.

तेवढ्यात फोन वाजला.

"मास्तर ना? अभिनंदन! दुसऱ्या पायरीच्या मानकऱ्यांसाठी..."

मास्तरांची पाठ ताठ झाली. कात्री खाली ठेवताना ती वाजू नये, एवढी काळजी त्यांनी घेतली.

मास्तर भोळे आहेत, हे आता तुमच्या ध्यानात आलेच असेल. तुम्ही तसे नाही. फक्त, मापाच्या वहीत एकशे चाळिसाव्या पानावर तुमचे नाव आहे. मागच्या आठवड्यात अनोळखी नंबरावरून फोन आला, गोड आवाजात कोणी तुमचे नाव घेऊन 'अभिनंदन' म्हणाले, आणि नंबर कुठून मिळाला हे विचारायच्या आधी तुम्ही 'कशाबद्दल?' असे विचारलेत, तो तुमचा नंबर त्याच वहीतून गेलेला. तुमची कंबर वहीत चौतीस आहे, आता छत्तीस झाली आहे, पण काळजी नको, मास्तरांनी माया ठेवली आहे. नव्या सदऱ्याचे तिसरे बटण मात्र दोनच टाक्यांवर आहे आणि ते तसेच राहील. टॉवेल सोमवारपर्यंत घरपोच येतील, बारा. ते पिळणार कोण, एवढे घरात आधी विचारून ठेवा.